चर्चसाठी हीटर घेताना: बाकाखालचा, छतावरचा की गरम हवेचा?

चर्चसाठी विकल्या जाणाऱ्या हीटरांच्या माहितीपत्रकात किलोवॅट असतात, घनमीटर असतात, वॉरंटीची वर्षं असतात. एक आकडा मात्र कुठेच सापडत नाही. उपासनेच्या शेवटी आशीर्वाद झाल्यावर अर्ध्या तासाने किती माणसं अजून चहापाण्याच्या हॉलमध्ये बोलत उभी आहेत? हिवाळ्यात हीटरची खरी परीक्षा तिथे होते. उपासना तासा-सव्वा तासाची. तेवढा वेळ माणसं कोट घालून, हात काखेत दाबून काढतात. पण पाय गार पडलेला माणूस सहभागितेला, म्हणजे उपासनेनंतरच्या चहा-गप्पांना, थांबत नाही. शेवटच्या गीताच्या शेवटच्या कडव्यालाच तो मफलर गुंडाळायला लागतो आणि 'आमेन'बरोबर दाराशी पोचतो. त्यात बहुतेक वयस्कर माणसं, म्हणजे ज्यांना आठवडाभर बोलायला कुणी नसतं तीच.

म्हणून इथे तुलना प्रकारांची केली आहे, कंपन्यांची नाही. बाकाखालचे विजेचे हीटर, गरम गाद्या, छतावरचे इन्फ्रारेड, गरम हवेचे झोत, पाण्याचे रेडिएटर, आणि हॉलमधला कॉफी-चहाचा मोठा अर्न, म्हणजे तोटी असलेलं विजेवरचं भांडं. अर्नला हीटरांच्या पंगतीत बसवलंय ते मुद्दामच.

आधी इमारतीचं गणित. २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि १० मीटर उंच चर्चमध्ये ३००० घनमीटर हवा मावते. ती १० अंशांनी तापवायला साधारण १० युनिट पुरतात. ऐकायला स्वस्त वाटतं. पण नुसते दोन घनमीटर दगडी बांधकाम १० अंशांनी तापवायलाही तेवढीच उष्णता लागते, आणि अशा इमारतीच्या भिंतींत दगड शेकड्याने घनमीटर असतो. रविवारी सकाळी दोन-तीन तास बर्नर पेटवला की हवा २० अंशांवर जाते, भिंती ८ अंशांवरच राहतात. अंगाला जाणवतं ते या दोन्हींच्या सरासरीच्या आसपास, म्हणजे १४. खजिनदार थर्मामीटर दाखवून म्हणतात २० आहे, तिसऱ्या बाकावरच्या आजी म्हणतात गारठून गेले. दोघंही खरंच सांगत असतात.

त्यात गरम हवा वर जाते. झोताने तापवलेल्या उंच चर्चमध्ये उंचीच्या दर मीटरला एका अंशाचा फरक सहज पडतो. बाकापाशी १६ असेल तर छताखाली २५. वरची ती हवा थंड काचेला टेकते, निवते, जड होते आणि खिडकीखाली बसलेल्यांच्या मानेवर उतरते. मग कुणीतरी उठून आधीच बंद असलेलं दार पुन्हा ढकलून पाहतं. हीटर जितका मोठा, तितका हा खाली येणारा वारा जोरात. जास्त किलोवॅटने ही तक्रार मिटत नाही, वाढते.

तेव्हा इमारत रोज वापरात नसेल तर भिंती तापवण्याच्या फंदात पडू नये, माणसं तापवावीत. हे शहाणपण जुनं आहे. नेदरलँड्सच्या रिफॉर्म्ड चर्चमध्ये बायका पायाखाली भोकं पाडलेली लाकडी पेटी ठेवत. आत मातीच्या भांड्यात निखारे, वरून घागरा सोडला की ऊब आतच राहायची. उपासनेच्या वेळी या पेट्या मांडून देणं हे काही बायकांचं कामच होतं. न्यू इंग्लंडच्या, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या, प्युरिटन या कडक शिस्तीच्या प्रॉटेस्टंट लोकांच्या सभागृहांत तर फार काळ शेगडीच नव्हती. १६८६ च्या जानेवारीत बॉस्टनमध्ये प्रभुभोजनाची भाकर गोठून इतकी कडक झाली की मोडताना ताटात खडखडली, अशी नोंद न्यायाधीश सॅम्युअल सिवॉलने रोजनिशीत केली आहे. तिथे दोन उपासनांच्या मधल्या वेळेत बसायला सभागृहाशेजारी चूल असलेली छोटी घरं बांधत. लोक तिथे शेकत, शिदोरी खात, गावच्या बातम्या सांगत. आजच्या फेलोशिप हॉलचं काम तेव्हा ती घरं करायची, आणि ती बांधली गेली थंडीमुळे.

बाकाखालचा हीटर हा त्या पेटीचाच विजेवरचा वारस. बनावट साधी. धातूची लांब नळी किंवा चपटी पेटी, आत हीटिंग एलिमेंट, वर जाळी किंवा भोकांचा पत्रा, दोन्ही टोकांना ब्रॅकेट. बसणाऱ्याच्या पोटऱ्यांमागे, बसायच्या फळीखाली तो बसतो. लांबीच्या दर मीटरला २०० ते ३०० वॅट धरले तर अडीच मीटरच्या बाकाला साधारण ६०० वॅट होतात. ४० बाकांचे झाले २४ किलोवॅट. थ्री फेज जोडणीवर हे दर फेजला ३५ अँपिअर. हा आकडा कमिटीच्या बैठकीत पहिल्यांदा काढावा, शेवटी नाही. बऱ्याच जुन्या चर्चची जोडणी दिवे, पंखे आणि साउंड सिस्टिमपुरतीच असते, आणि हीटर आल्यावर कळतं की मीटरपासून नवी केबल ओढायला हवी. तेव्हा कोटेशन मागताना जोडणी वाढवण्याचा खर्च त्यातच घ्यायला सांगा. पुष्कळदा हीटरपेक्षा तोच जड जातो, म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

चालवायला मात्र हा स्वस्त. उपासनेच्या आधी ४० मिनिटं सुरू केला आणि अडीच तासांनी बंद केला, तर सगळे बाक मिळून ६० युनिट. त्याच चर्चमध्ये १०० किलोवॅटचा गरम हवेचा बर्नर चार तास चालला तर ४०० युनिटांइतकं इंधन जातं, आणि पाय तरीही गारच. शिवाय हा हीटर अजिबात आवाज करत नाही. गरम हवेचा पंखा घोंघावत असताना श्रवणयंत्र लावलेल्या माणसाला उपदेशातला निम्मा भाग ऐकू येत नाही. म्हणून उपदेशाला पंखा बंद करतात, आणि दुसऱ्या मुद्द्यापर्यंत पुन्हा गारठा.

आता दोष. पहिला दोष दरवर्षी हंगामाच्या पहिल्या रविवारी उगवतो. एलिमेंटच्या आत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ही पूड ओल शोषते. महिनोन्महिने बंद राहिल्यावर टोकाच्या सीलमधून ओल आत शिरते, बटण दाबताच थोडा करंट अर्थिंगकडे गळतो आणि आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, खाली पडतो. सगळे बाक एकाच आरसीसीबीवर असले तर एका ओल्या हीटरपायी अख्खं चर्च गार. यावर दोन उपाय. दर चार-सहा बाकांना वेगळा आरसीबीओ, म्हणजे गळती किंवा जास्त भार झाला की वीज तोडणारा स्विच, लावून घ्या. आणि थंडीच्या पंधरा दिवस आधी इलेक्ट्रिशियनकडून प्रत्येक ओळीचं इन्सुलेशन तपासून घ्या. ओल निघाली तर ते हीटर तो सुरक्षितपणे तापवून वाळवतो. आरसीसीबी सारखा पडतो म्हणून तो काढून थेट जोडणी करणारे महाभागही भेटतात. असा इलेक्ट्रिशियन दारातूनच परत पाठवावा.

दुसरा दोष धुळीचा. वर्षभराची धूळ, पेन्सिलींचे तुकडे, संडे स्कूलच्या मुलांनी टाकलेले कागद, सगळं जाळीत जाऊन बसतं. पहिल्यांदा तापलं की करपल्याचा वास सुटतो आणि लोक घाबरतात. आधी व्हॅक्यूमने ओढून काढा, मग आठवड्यातल्या एखाद्या दिवशी खिडक्या उघडून तासभर चालवा. गुडघे टेकायच्या उशा, पिशव्या, जमिनीवर ठेवलेले कोट हीटरला चिकटू नयेत म्हणून जाळी हवीच. आतला ओव्हरहीट कटआउट, म्हणजे जास्त तापल्यावर आपोआप बंद करणारा भाग, नसलेला हीटर कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. फळी आणि हीटर यांच्यात उत्पादकाने सांगितलेलं अंतर सोडलं नाही तर फळीचे सांधे उकलतात. जुन्या सागवानी बाकाला पडलेली अशी भेग मग कायमची राहते.

बाक लाकडी चौथऱ्यावर असतील तर खालची पोकळी उघडून पाहा. तिथे धूळ आणि उंदीर दोन्ही असतात, तेव्हा वायर धातूच्या कंड्युटमधूनच, म्हणजे नळीतूनच, न्यावी. श्रवणयंत्रासाठी चर्चमध्ये इंडक्शन लूप, म्हणजे माइकचा आवाज थेट श्रवणयंत्रात पोचवणारं तारेचं वेटोळं, असेल तर हीटरची फेज आणि न्यूट्रल एकाच कंड्युटमधून एकत्र न्या आणि लूपच्या तारेपासून लांब ठेवा. दोन्ही तारा वेगवेगळ्या वाटेने गेल्या तर श्रवणयंत्रात सतत गुणगुण येते, आणि बिचारा साउंडवाला महिनाभर मिक्सरमध्ये दोष शोधत बसतो.

स्विच मात्र भागाभागाने हवेत, यात काटकसर नको. प्रॉटेस्टंट मंडळीत मागचे बाक आधी भरतात, हा जगभरचा अनुभव. संध्याकाळच्या प्रार्थनेला पंचवीस माणसं आली तर पुढच्या चार ओळी तेवढ्या सुरू ठेवा आणि दाराशी उभ्या सेवकाला तसं सांगायला लावा. वर्षानुवर्षं पाळकसाहेबांनी विनवून जे झालं नाही ते पोटऱ्यांना लागलेल्या उबेने दोन आठवड्यांत होतं.

व्यासपीठावर बाक नसतो, म्हणून उपदेशकाचे पाय गारच राहतात. तिथे २००-३०० वॅटची पायाखालची गरम चटई पुरते. ऑर्गन वाजवणाऱ्याच्या बोटांसाठी बाजूला एक छोटं इन्फ्रारेड पॅनेल लावावं, पंख्याचा हीटर नको. कारण पुढे येतंच.

गरम गाद्यांबद्दल थोडक्यात. एका जागेला ३० ते ६० वॅट, म्हणजे बाकाखालच्या हीटरपेक्षा खूप कमी. जोडणी अपुरी असेल तर हाच मार्ग. बसल्यावर ऊब लगेच कळते, पण पाय आणि घोटे सुटतात. कापड मळतं, मुलं वायरीशी खेळतात, आणि दोन-तीन हंगामांत शिवणीपाशी तार तुटायला लागते. खुर्च्यांच्या चर्चसाठी बऱ्या, जुन्या बाकांच्या चर्चसाठी दुय्यम.

छतावरचे किंवा भिंतीवरचे इन्फ्रारेड म्हणजे ते लालसर पेटणारे दिवे. हवा न तापवता ते थेट माणसावर उष्णता टाकतात, बटण दाबल्यावर काही सेकंदांत. दालान, प्रवेशद्वार, वीस मिनिटांची प्रार्थना यांना ते फार चांगले. मुख्य उपासनेला त्यांची खोड अशी, की ते डोकं आणि खांदे तापवतात आणि पुढच्या बाकाच्या पाठीआड पाय सावलीत राहतात. तासाभराने टक्कल असलेल्या बंधूंना डोक्यावर ऊन आणि पायाखाली बर्फ. बरं, वरून आलेली उष्णता नको म्हणून माणूस सरकू शकतो, पण प्रकाश कुठे जाणार? मेणबत्त्यांच्या उपासनेत तो लाल उजेड डोळ्यांत खुपतो. न पेटणारे, काळे सिरॅमिक किंवा पॅनेलचे प्रकार मिळतात. तापायला दहा-पंधरा मिनिटं घेतात, पण चर्चसाठी तेच बघावेत. टांगण्याची उंची माहितीपत्रकातलीच पाळा. तीन मीटरसाठी केलेला हीटर सहा मीटरवर टांगला की तो फक्त दिवा उरतो. भिंतीवर जुनी रंगकाम किंवा लाकडी फलक असतील तर त्यांच्यावर थेट झोत पडता कामा नये.

गरम हवेच्या झोताचा आणि जोरात तापवण्याचा खरा बळी म्हणजे नळ्यांचा ऑर्गन (पाइप ऑर्गन). इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हीटरच्या निर्णयात ऑर्गनवाल्याला बहुतेक कुणी विचारतच नाही. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो, आणि शिट्टीच्या तत्त्वावर वाजणाऱ्या नळ्यांचा सूर दर अंशाला साधारण ३ सेंटने चढतो. एका अर्ध्या सुरात १०० सेंट असतात. १० अंशांच्या फरकाला ३० सेंट, म्हणजे कुणाच्याही कानाला टोचेल इतकं. त्याच ऑर्गनमधल्या रीडच्या नळ्या, ज्यांत पितळी जीभ थरथरते, जवळजवळ जागच्या जागी राहतात. म्हणून नाताळच्या उपासनेत दोन्ही एकत्र वाजले की बेसूर होतं आणि बोल लागतो वादकाला. सुरात लावायला कारागीर बोलवाल तेव्हा चर्चचं तापमान उपासनेच्या वेळी असतं तेवढंच ठेवा. गार चर्चमध्ये मंगळवारी लावलेला ऑर्गन रविवारी सुरात असणार नाही.

सुरापेक्षा मोठं नुकसान कोरडेपणाचं. बाहेर शून्य अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, आणि तीच हवा आत आणून २० अंशांवर नेली, तर तिची आर्द्रता २१ टक्क्यांवर येते. लाकूड आक्रसतं, हवेच्या पेट्यांना भेगा पडतात, चामड्याचे भाते कडक होतात, एखादा सूर आपोआप वाजत राहतो. पियानोचीही तीच गत. म्हणून अशा चर्चमध्ये तापमान तासाला एक-दीड अंशापेक्षा जलद वाढवू नये असं जाणकार सांगतात, आणि झोताचा हीटर तर तासाला आठ-दहा अंश चढवतो. युरोपात चर्च तापवण्याबद्दल २०११ साली स्वतंत्र मानकच निघालं, ईएन १५७५९-१. त्याचा सगळा भर इमारत आणि आतल्या वस्तूंना न दुखवता माणसाला ऊब देण्यावर आहे. बाकाखालचा हीटर इथे पुन्हा जिंकतो, कारण ऑर्गनपर्यंत त्याची ऊब फारशी पोचतच नाही.

पाण्याचे रेडिएटर आधीपासून असतील तर मोडू नका. रविवारसाठी ते शनिवारी रात्रीपासून लावावे लागतात, आठवडाभर हळूहळू चालवले तर उत्तम, आणि आठवडाभर कार्यक्रम असलेल्या चर्चला तेच सोयीचे. नळ्यांत पाणी गोठलं की ते ९ टक्के फुगतं आणि सांधा फोडतं. तेव्हा कोणी नसतानाही ५ अंशांच्या खाली जाऊ न देणारा फ्रॉस्ट थर्मोस्टॅट चालू आहे ना, एवढं थंडीच्या आधी बघा. फरशीखालच्या नळ्यांचा प्रकार त्याहून मंद. इंग्लंडच्या बाथ शहरातल्या बाथ ॲबी या जुन्या चर्चमध्ये शेजारच्या गरम झऱ्यांच्या पाण्याची उष्णता फरशीखाली फिरवली आहे, आणि तिथे दिवसभर माणसांची ये-जा असते. ती चैन आठवड्यात तीन तास उघडणाऱ्या चर्चने करू नये. चर्च ऑफ इंग्लंडच्या जनरल सिनडने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च सभेने, फेब्रुवारी २०२० मध्ये २०३० पर्यंत निव्वळ शून्य कार्बनचं उद्दिष्ट ठरवलं. त्यामुळे तिथे जुना तेलाचा बॉयलर बंद पडला की तसाच नवा बसवण्याआधी दुसरे पर्याय तपासावे लागतात. नियम नसला तरी कुठल्याही मंडळीने हे करावं.

चिमणी नसलेले सिलिंडरचे गॅस हीटर? नको. १ किलो प्रोपेन जळला की साधारण १.६ किलो पाण्याची वाफ होते. ती थंड भिंतीवर बसते, पापुद्रे सुटतात, गीतपुस्तकांना बुरशी धरते. त्यात कार्बन मोनॉक्साइड. दारं-खिडक्या घट्ट बंद, दोनशे माणसं आत, आणि डोकं दुखायला लागलं तर लोक उपदेश लांबला असं समजतात. आणीबाणीत लावायचाच असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आणि उघडी खिडकी, दोन्ही हवं.

तसं पाहिलं तर सगळ्यात स्वस्त हीटर माणूसच. बसलेला माणूस साधारण १०० वॅट उष्णता देतो. १२० जणांची मंडळी म्हणजे १२ किलोवॅट. पण प्रत्येकजण तासाला ५० ग्रॅमच्या आसपास वाफ आणि अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइडही सोडतो. छोट्या, घट्ट बंद हॉलमध्ये तासाभरात पेंग येते. त्याचं खापर दरवेळी वक्त्यावर फोडू नये, वरची एखादी झडप उघडावी.

आता हॉल आणि अर्न. मुख्य चर्चसाठी पैसे अपुरे पडले तर आधी हॉल तापवा. छत बुटकं, भिंती कमी, खर्च थोडा. हॉलचा हीटर उपासना सुरू होतानाच टाइमरने चालू व्हावा, संपताना नाही. छताला पंखे असतील तर हिवाळ्यात उलटे, अगदी मंद फिरवा. वर साचलेली ऊब खाली येते.

१०० कपांचा पर्कोलेटर अर्न (त्यात तापलेलं पाणी मधल्या नळीतून चढून वरच्या टोपलीतल्या कॉफीवर पडतं) म्हणजे साधारण १५ लिटर पाणी आणि बहुधा १५०० वॅटचं एलिमेंट. १० अंशांचं पाणी ९५ वर न्यायला याला गणिताने ५९ मिनिटं लागतात, प्रत्यक्षात सत्तरएक. उपासना साडेनऊला सुरू होऊन पावणेअकराला संपत असेल तर अर्न साडेनऊलाच लावावा लागतो, पहिल्या गीताच्या आधी. शेवटच्या प्रार्थनेला कुणीतरी चवड्यावर बाहेर जाऊन लावलेला अर्न कोमट पाणी देतो. कॉफी जाड दळलेली, ५०० ते ६०० ग्रॅम. बारीक दळलेली टोपलीच्या भोकांतून खाली उतरते, भोकं तुंबतात, टोपली वाहते आणि कपात गाळ येतो. सुरुवात थंड पाण्याने करा. गरम पाणी ओतलं तर थर्मोस्टॅट लवकर वीज तोडतो आणि कॉफी फिकट राहते. मधली उभी नळी तळातल्या खळग्यात नीट बसली पाहिजे. तिच्या बुडाच्या चकतीखाली कॉफीचा एक कण अडकला तरी पाणी वर चढत नाही. दिवा लागतो, पाणी तापतं, आणि कपात येतं नुसतं गरम पाणी. नव्वद टक्के वेळा 'अर्न बिघडला' म्हणजे हाच कण.

झाली की टोपली आणि नळी बाहेर काढा, नाहीतर चोथ्यातून वाफ जात राहून कडवटपणा वाढतो. चहासाठी वेगळा अर्न ठेवा, त्यात फक्त पाणी. एकदा कॉफी झालेल्या भांड्यात चहाचं पाणी ठेवलं की वास जात नाही. दूध अर्नमध्ये कधीही ओतू नये, बुडाला लागतं आणि खरवडून निघत नाही. क्षारांचा थर बसला की तापायला वेळ लागतो. महिन्यातून एकदा सायट्रिक ॲसिड टाकून उकळा, मग दोनदा साध्या पाण्याने.

आणि प्लग. अर्न १५०० वॅट, हॉलचा हीटर २००० वॅट, दोन्ही एकाच सर्किटवर लावले की आशीर्वादाच्या सुमारास एमसीबी, म्हणजे जास्त भार झाला की वीज तोडणारा स्विच, पडतो आणि हॉल अंधारात. अर्नची दोन पॉइंट वेगळ्या सर्किटवर घ्या, त्यांवर रंगाने खूण करा. एक्स्टेंशन बोर्डवर अर्न लावणं म्हणजे आगीला आमंत्रण. भरलेला अर्न वीस किलोच्या आसपास जातो, तो उचलून हलवायचा नसतो. टेबल भिंतीला टेकवा, वायर मागून न्या, आणि तोटी टेबलाच्या काठाबाहेर येऊ देऊ नका, संडे स्कूलची मुलं नेमकी त्या उंचीची असतात.

मांडणी जमली नाही तर उबदार हॉलही ओस पडतो. अर्न दाराजवळ ठेवला की रांग दारातच अडते आणि थंडीत उभं राहण्यापेक्षा लोक घरी जातात. तो आतल्या टोकाला हवा. दूध-साखर तोटीपासून दोन मीटर लांब, वेगळ्या टेबलावर, कारण रांग अडते ती ढवळण्यापाशी. आणि कोट अडकवायचे खुंटाळे अर्नच्या पलीकडे. ज्याचा कोट आत आहे तो चार पावलं आत येतो, तिथे कप हातात पडतो. पाठीच्या खुर्च्या रेडिएटरजवळ ठेवा, वयस्कर माणसांसाठी.

बाप्तिस्म्याची टाकी असलेल्या मंडळींनी एक वेगळं गणित करावं. २५०० लिटर पाणी १० वरून ३३ अंशांवर न्यायला ६७ युनिट आणि ६ किलोवॅटच्या हीटरला अकरा तास. म्हणजे आदल्या संध्याकाळी लावायचा. माणूस पाण्यात उतरण्याआधी हीटर आणि पंप दोन्ही मुख्य स्विचवरून बंद, आणि पाण्याच्या जवळ वायरचा माइक अजिबात नाही. २००५ साली टेक्सासमध्ये बाप्तिस्म्याच्या पाण्यात उभ्या पाळकाचा, माइकला हात लावताच, विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला होता. यात तडजोड नको.

खरेदीआधी एक फुकटची तपासणी. ॲडव्हेंटच्या, म्हणजे नाताळआधीच्या आठवड्यांच्या, मेणबत्त्यांच्या चक्राची प्रथा हॅम्बुर्गमध्ये १८३९ साली ल्यूथरन पाळक योहान हिनरिख विखर्न यांनी सुरू केली, आणि हिवाळ्यातल्या उपासनेत मेणबत्त्या आजही असतातच. नाताळच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या हातात त्या पेटलेल्या असतात, तेव्हा गॅलरीतून खाली बघा. ज्योती जिथे एका बाजूला कलतात तिथून वारा येतोय. त्या ओळी कागदावर लिहून घ्या आणि आधी त्या फटी बुजवा. दाराखालचा ब्रश, मोडकी खिडकी, बंद पडलेल्या धुराड्याचं तोंड. मग हीटर. लोकांना एवढंच सांगायचं: पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची, न पेटलेली वाकवायची, म्हणजे मेण बाकावर पडत नाही.

निकाल सांगायचा तर, आठवड्यातून एक-दोनदा उघडणाऱ्या, बाक असलेल्या, ऑर्गन असलेल्या चर्चला बाकाखालचे हीटर. दालानाला आणि प्रवेशद्वाराला न पेटणारे इन्फ्रारेड. हॉलला वेगळी, टाइमरवरची तापवणूक आणि दोन अर्न. गरम हवेचा झोत फक्त नव्या, बुटक्या, इन्सुलेशन असलेल्या इमारतीत.

ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला दोन बाकांवर चार रविवार हीटर लावून द्यायला सांगा. एक बाक खिडकीजवळचा, एक मधला. तिथे सगळ्यात जास्त थंडी वाजणाऱ्या माणसांना बसवा आणि उपासनेनंतर त्यांनाच विचारा, कमिटीला नाही. जो विक्रेता याला तयार नाही त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.